देवणीच्या पाहुण्याने मुंबईत खरेदी कोठे करावी?

१/ मुंबईला निघालेल्या माणसाला शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात : "खरेदी कुठं करणार?" त्याची उत्तरेही ठरलेली असतात. कुलाब्याचा कॉजवे, फॅशन स्ट्रीट, वांद्र्याचा लिंकिंग रोड, लोअर परळचा मॉल. देवणीहून निघालेल्या पाहुण्याला ही यादी अपुरी पडते. तिच्यात ठिकाणे आहेत, भाव आहेत. पाहुण्याच्या मुलखाचे त्या ठिकाणांशी काय नाते आहे, याचा मात्र तिच्यात पत्ता नाही. मुंबईचे जुने बाजार उभे राहिले ते कापसाच्या पैशावर, आणि त्या कापसात मराठवाड्याचाही वाटा होता. म्हणून तिथल्या खरेदीचा क्रम इतिहासाला विचारून ठरवावा, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/ देवणी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे या जातीचे तीन प्रकार इथला शेतकरी लांबूनच ओळखतो. जवळच उदगीर तालुक्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा प्रसिद्ध बाजार भरतो. तिथे खोंड घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग चाल पाहतो आणि खोंड कोणाच्या दावणीचे आहे हे विचारतो. भावाची गोष्ट त्यानंतर निघते. वस्तूच्या किमतीआधी तिची वंशावळ विचारण्याची ही सवय मुंबईच्या बाजारातही सोडू नये. पुढचे सगळे म्हणणे या एका सवयीवर उभे आहे.

३/ आता थोडा भूगोल. उदगीर-देवणीचा हा टापू १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. निजामाच्या राज्याचे नाणे वेगळे होते, त्याला हाली सिक्का म्हणत. इंग्रजी हद्दीतल्या ६ रुपयांसाठी साधारण ७ हाली रुपये मोजावे लागत. राज्याची सीमा ओलांडताना मालावर जकात भरावी लागे आणि ती वसूल करणाऱ्या खात्याचे नाव करोडगिरी. मुंबईत लुगडे घेणे म्हणजे त्या काळी दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या नाण्यात, जकातीच्या नाक्यापलीकडे खरेदी करणे होते.

४/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबई ही देवणीची राजधानी झाली. १९५९ मध्ये हाली सिक्का चलनातून कायमचा बाद झाला. आजोबांच्या पिढीला परमुलूख वाटणारे शहर नातवाच्या पिढीला 'आपली मुंबई' वाटते, त्यामागे ही तारखांची साखळी आहे. शाळेच्या पुस्तकात ही साखळी राजकीय इतिहास म्हणून येते. घरातल्या कापडचोपडाच्या इतिहासातही ती असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

५/ माणसांना नाका ओलांडणे अवघड असले तरी कापूस त्याआधीपासून जात होता. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. अवघ्या अडीच फूट रुंदीची ही चिमुकली आगगाडी. तिच्या येण्याने लातूरची कापसाची बाजारपेठ मुंबईच्या रुळांना जोडली गेली. कुर्डुवाडीला गठाणी छोट्या गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवाव्या लागत, कारण दोन रुळांची रुंदी वेगळी. पलीकडे नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस त्याच्या धाग्यासाठी नावाजलेला होता. शेतापासून स्थानकापर्यंतचे ओझे बैलांच्या खांद्यावर असे.

६/ लातूर शहराने बाजार बांधावा कसा हेही दाखवून दिले आहे. गंजगोलाईची आखणी १९१७ ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांची. मध्यभागी अंबाबाईचे देऊळ आणि तिथून फुटणारे १६ रस्ते. कुठे सोने, कुठे मिरची, कुठे गूळ, कुठे चपला. एका धंद्याला एक रस्ता. गंजगोलाईत लहानपणी हात धरून फिरलेल्या मुलाला मुंबईचे जुने बाजार कळायला वेळ लागत नाही. मुंबादेवीच्या देवळाभोवती सोने, तांबे, कापड, बांगड्या अशा गल्ल्या पसरल्या आहेत त्या याच तत्त्वावर. फरक आहे तो गर्दीचा. शिवाय मुंबईतल्या गल्ल्या कोणी कंपास घेऊन आखलेल्या नाहीत.

७/ रात्री लातूरकडून निघालेली गाडी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. पाहुण्याने तिथून टॅक्सी करू नये. उत्तरेकडे दहा मिनिटे चालावे. डाव्या हाताला मनोरा दिसू लागतो तो महात्मा जोतिबा फुले मंडईचा, म्हणजेच क्रॉफर्ड मार्केटचा. वास्तुरचना विल्यम इमर्सनची, बांधकाम पुरे झाले १८६९ मध्ये. आत शिरण्याआधी प्रवेशद्वारावरची शिल्पपट्टी मान वर करून पाहावी. ती समोरच्याच जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंगची. तिच्यात कोरले आहेत ते शेतकरी. बाजार व्यापाऱ्याचा असला, तरी दारावरचा मान कोणाला द्यायचा हे त्या शिल्पकाराला ठाऊक होते.

८/ मंडईची जागाही बोलकी आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात फोर्टचा तट पाडला गेला. दक्षिणेला गोऱ्यांची आणि बड्या पेढ्यांची वस्ती, उत्तरेला दाट 'देशी शहर', मधे मोकळे मैदान. मंडई बांधली ती या दोहोंच्या सांध्यावर. आज स्थानकाकडून चालत येणारा पाहुणा ही जुनी सरहद्द नकळत ओलांडतो. मागे रुंद रस्ते आणि दगडी कचेऱ्या राहतात, पुढे गल्ल्या सुरू होतात. दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा पायांना अजून जाणवतो.

९/ हे सगळे बांधायला पैसा आला कोठून? अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. नेहमीच्या किमतीपेक्षा जादा असे सुमारे ८ कोटी पौंड त्या पाच वर्षांत मुंबईच्या पदरात पडले, असा हिशेब गॅझेटियरने मांडला आहे. त्या पैशावर समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा जुगार रंगला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. पेढ्या बुडाल्या. तरी शहराला मिळालेले रस्ते आणि इमारती राहिल्याच. दख्खनच्या काळ्या मातीतल्या बोंडांनी मुंबईला असा एकदा पैका दिला होता.

१०/ मंडईच्या नावात एक विलक्षण विरोधाभास दडला आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५ पासून मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. खर्चाचा हात इतका सैल, की करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्याला जावे लागले. पुढे पुण्यात कमिशनर असताना १८८८ मध्ये मामलेदारांकडून पैसे उकळल्याच्या आरोपांवरून त्याची चौकशी झाली आणि नोकरी गेली. दुसरीकडे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी भव्य मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. आज पुणे आणि मुंबई, दोन्ही शहरांच्या मंडयांना फुल्यांचे नाव आहे. मंडईत फळे घेणाऱ्याने त्यांचा आक्षेपही आठवावा, म्हणजे नाव दिल्याचे सार्थक होईल.

११/ मंडईच्या पलीकडे मंगळदास मार्केट, आणि पुढे काळबादेवीकडे मूळजी जेठा मार्केट. पहिल्यात किरकोळ गिऱ्हाईक मापून कापड घेते, दुसऱ्यात गठ्ठ्यांचा घाऊक व्यवहार चालतो. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या देवणीकर कुटुंबाने इथे अर्धा दिवस राखून ठेवावा. घाऊक पेढ्या बहुतेक रविवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. मूळजी जेठा मार्केट १८७० च्या दशकातले. गिरण्यांचे आणि मँचेस्टरचे कापड इथल्या पेढ्यांवरून अर्ध्या हिंदुस्थानात जाई. लातूरहून गेलेला कापूस कापड होऊन परत येई तो अशाच पेढ्यांच्या हातून.

१२/ म्हणूनच स्वातंत्र्याची एक मोठी लढाई या कापडपेढ्यांच्या दारात लढली गेली. ३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली. १९३० मध्ये देशसेविका संघाच्या स्त्रिया विदेशी कापडाच्या दुकानांपुढे निदर्शनाला उभ्या राहिल्या. हंसा मेहता, पेरीन कॅप्टन ही त्यांतली ठळक नावे. दुकानात शिरणारी स्त्री गिऱ्हाईक, दारात हात जोडून तिला अडवणारीही स्त्रीच. काय विकत घ्यावे हा घरगुती प्रश्न त्या वर्षी राष्ट्राचा प्रश्न झाला होता.

१३/ १२ डिसेंबर १९३०. काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापड भरलेली मालमोटार पोलिसांच्या पहाऱ्यात निघाली. तिच्यापुढे बाबू गेनू सैद हा तरुण गिरणी कामगार आडवा झाला आणि चिरडला गेला. तो पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याचा, महाळुंगे पडवळ गावचा. पोटासाठी मुंबईला आलेला आणि स्वतः कापड विणणाऱ्या गिरणीत राबणारा. मंगळदास मार्केटमध्ये साडीचा रंग निवडताना हा रस्ता हाकेच्या अंतरावर आहे, एवढी जाण पाहुण्याला हवी. खरेदीच्या पिशवीबरोबर तिथे दोन मिनिटे उभे राहिल्याने कोणाची गाडी चुकत नाही.

१४/ तिथून झवेरी बाजार आणि तांबाकाटा. सोने घ्यायचे नसले तरी जावे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत देवणीकराला परिचित आहे. मोत्यांच्या सौद्यांतही दलाल कापडाखाली अशाच बोटांच्या खुणा करत. बैल आणि मोती या दोन टोकांच्या वस्तू, त्यांच्या सौद्याची भाषा एक. याच झवेरी बाजाराने १९९३, २००३ आणि २०११ मध्ये बॉम्बस्फोट सोसले. प्रत्येक वेळी पेढ्या पुन्हा उघडल्या. बाजार टिकतो तो केवळ नफ्यावर टिकत नाही, उधारीवर आणि शब्दावर टिकतो, हे इथे कळते.

१५/ उत्तरेला भेंडी बाजार. इंग्रज या भागाला 'बिहाइंड द बझार' म्हणत आणि त्याचा अपभ्रंश होऊन भेंडी बाजार झाले, ही कथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती ऐकून मान डोलावू नये. भेंडी नावाचे झाड कोकण किनाऱ्यावर सर्वत्र आहे आणि त्या झाडांवरून नाव पडले ही व्युत्पत्ती गॅझेटियरपासून सांगितली जाते. चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी, वडाळा ही मुंबईची नावे झाडांचीच. मग एकट्या भेंडीला इंग्रजी बाप कशाला? मराठी झाडाऐवजी इंग्रजी विनोद अधिक खरा वाटतो, यात आपल्या मनाचाही थोडा इतिहास आहे.

१६/ जवळच मटण स्ट्रीटचा चोर बाजार. जुने ग्रामोफोन, सिनेमाची पोस्टरे, पितळी दिवे, घड्याळे. 'शोर बाजार'चे 'चोर बाजार' झाले ही कथाही वरच्या कथेची बहीण, तिलाही तोलूनच घ्यावे. इथे मात्र देवणीची सवय पुरी कामाला लागते. वस्तूचे दात पाहावेत, चाल पाहावी आणि मग ती कोणाच्या दावणीची हे विचारावे. 'शंभर वर्षांचा' म्हणून मिळणारा दिवा मागच्या वर्षी ओतलेला असू शकतो. खरी जुनी वस्तू सापडली तर ती कोणत्या घरातून आली याची दोन ओळींची टिपण विक्रेत्याकडून लिहून घ्यावी. टिपणीशिवाय ती फक्त भंगार उरते.

१७/ भेंडी बाजाराच्या सुमारे साडेसोळा एकरांवर आज पुनर्विकास चालू आहे. जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना चांगले घर हवे, याबद्दल वाद नाही. पडत्या छपराखाली बसून परंपरा सांभाळा, असे पाहुण्याने यजमानाला सांगू नये. पण इमारत पडते तेव्हा दुकानाबरोबर खातेवह्या, पाट्या, जुन्या पावत्याही जातात. त्या जपायला फार जागा लागत नाही, कोणीतरी मागावे लागते. इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने बाजारात जावे त्याचे हे सर्वांत निकडीचे कारण आहे.

१८/ आता यादीतल्या पहिल्या नावाकडे वळावे : कुलाबा. तिथला कॉजवे म्हणजे बेटांना जोडणारा भरावाचा रस्ता, १८३८ मध्ये पुरा झालेला. १८४४ मध्ये फोर्टातला कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला गेला. आज जिथे कानातले डूल आणि चामड्याच्या पिशव्या मिळतात त्या परिसरात एकेकाळी कापसाच्या गठाणींचे डोंगर होते. १९२० च्या दशकात तो बाजार शिवडीकडे गेला आणि हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन हे स्थानकाचे नाव मागे उरले. कुलाब्याला जाऊ नये असे कोण म्हणेल? जावे, पण पायांखाली काय होते हे जाणून जावे.

१९/ शेवटी गिरणगाव. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापड गिरणी उभारण्यास घेतली. पुढे शंभराहून अधिक वर्षे परळ-लालबागच्या भोंग्यावर शहर जागे होई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली.

२०/ फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. जिथे कापड विणले जाई तिथे शिवलेले कपडे टांगलेले आहेत. पाहुण्याने तिथेही अवश्य जावे आणि उंच उरलेली धुराडी दिसली तर पाहावीत. मात्र मॉलनंतर लालबागला जाऊन मसाल्याच्या गल्लीत मिरची निवडणाऱ्या, भाजून घेणाऱ्या, कांडपावर कुटून घेणाऱ्या बायांच्या रांगेत उभे राहावे. गिरण्या गेल्या तरी त्यांच्याभोवती वाढलेले खाणे, मसाले, चिवड्याची दुकाने राहिली आहेत. गिरणगावचा खरा वारसा विकत घ्यायचा तर तो इथे पावशेरात मिळतो.

२१/ आक्षेप येतील. पहिला : उदगीर-लातुरात आणि मोबाइलवर सगळे मिळत असताना मुंबईत खरेदी कशाला? दुसरा : जुन्या बाजारात तरी मुंबईचे काय आहे, कापड सुरतेचे आणि खेळणी चीनची! दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण मंगळदास मार्केटमध्ये सुरतेचे कापड का, या प्रश्नाचे उत्तर परळच्या बंद गिरण्यांपर्यंत नेते. मोबाइलवर वस्तू येते ती निनावी. तिच्या दावणीचा पत्ता कोणाला विचारणार? बाजारात निदान समोर माणूस असतो आणि बहुतेक वेळा तो सांगायला उत्सुक असतो. पदपथावरच्या फेरीवाल्यालाही हे लागू आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, त्यामुळे त्याच्याशी बोलताना घासाघीस असावी, अपमान नसावा.

२२/ देवणीच्या शिवारात आज सोयाबीन आणि तूर डोलते. मुंबईशी असलेला कापसाचा धागा विरला, डाळीचा सुरू झाला. १९९० च्या दशकात मंडईची घाऊक फळ-भाजी वाशीला गेली. मुंबईच्या वाण्याकडे लातूरची तूरडाळ नावानिशी मागितली जाते. तेव्हा परतीच्या दिवशी पाहुण्याने एखाद्या किराणा दुकानात शिरावे आणि डाळीच्या पोत्याकडे बोट दाखवून विचारावे, "कुठली?" उत्तर बहुधा ओळखीचे येईल. शहराने आपल्याला काय विकले याच्या जोडीला आपण शहराला काय विकले, हेही तेव्हा त्याच्या हिशेबात येईल.

२३/ आणि घरी परतल्यावर एक काम. उदगीर, लातूर, देवणीकडच्या अनेक घरांत जुन्या पेट्यांच्या तळाशी कापडाच्या पावत्या, खातेवह्यांची पाने, हाली सिक्क्यातले हिशेब पडून असतील. मुंबईच्या पेढीचे नाव असलेला एखादा कागदही निघेल. ज्याला सापडेल त्याने त्यावरची तारीख, नाणे आणि वस्तू नीट वाचून घ्यावी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्याबद्दल विचारावे आणि छायाचित्र या धाग्याखाली जोडावे. करोडगिरीचा शिक्का असलेला कागद मिळाला तर तो आधी.